सिरिलची रिकामी टोपली

— नाही, आधी हे सांग, सिरिल, कबुतरांची टोपली फाटकाबाहेर का ठेवलीस? खिडकीतून दिसलं मला. पाय वाकडा झालाय, नजर नाही. आणि रिकामी टोपली घेऊन कोण फिरतं? आज शर्यत आहे? नाही. मग? सहज आलास? बरं, सहज.

पायाला काय धाड भरलीय! हाडांचा तोच जुना आजार — आपल्या लँकेशायरात गल्लोगल्ली असा एखादा म्हातारा सापडेल — हाडं जाड होतात, वाकतात. डोकं बघ माझं, लग्नातली हॅट आता नुसती टाळूवर बसते. हिल्डा म्हणायची, एनॉक, अक्कल सोडून सगळं वाढतंय तुझं. डॉक्टर म्हणाले होते, दुखेल, पण यानं कोणी मरत नाही. त्या एका वाक्यावर खाणीत इतकी वर्षं काढली मी. आणि आता नडगीवर हे टेंगूळ. हात लाव — गरम लागतं ना? पूर्वी चाललं की दुखायचं, आता पडून राहिलो तरी ठणकतं. मँचेस्टरला हाडाचा तुकडा काढला तपासायला, आणि मग डॉक्टरांनी आत कोणाला बोलावलं? हिल्डाला. पाय माझा, आणि मी बाहेर बाकावर! हो रे, ठाऊक आहे, बायकोलाच सांगतात, रीतच आहे — पण ती बाहेर आली ती हसत. हिल्डा! "जुनंच आहे," म्हणाली. तेव्हापासून मटणाचे चांगले तुकडे माझ्या ताटात, पाइपवरून कटकट नाही, मेव्हणा न सांगता फाटक दुरुस्त करून गेला. जुन्या आजाराची एवढी सरबराई? हं?

आणि आता तू. स्वयंपाकघराकडे काय बघतोस? तिनंच बोलावलं ना? नंतर तिला एकटीला माझी कबुतरं झेपायची नाहीत, म्हणून? आल्बर्टची कबुतरं आणायला आपण दोघंच गेलो होतो — पण त्याला पुरल्यावर, सिरिल. आधी नाही.

म्हणजे फिरलंय ते. जुन्या हाडात कॅन्सर झालाय. — मान हलवू नकोस, मी विचारलेलं नाही तुला काही. भीती वाटते रे, बस. आणि मला कळलंय हे हिल्डाला सांगू नकोस. फार मेहनत घेतेय बिचारी हसायला.

ने पाखरं. निळी मादी आधी धर, पंख मारते ती. पण तिला कोंडूनच ठेव, पिल्लं घे तिची, उडवू नकोस कधी. या वयात ती नवं घर धरायची नाही — सोडलीस की सरळ इथं येईल, छपरावर बसून राहील, मी शीळ घालीन म्हणून —

जा आता. टोपली मागच्या दारानं आण. आणि फाटक लावून घे.