निखिलची हॉटेल-शीट

हसू नका, पण आमचा निखिल हॉटेलात जेवायलासुद्धा एक्सेल शीट घेऊन जातो. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये दिवसभर चिपची मशिनं टेस्ट करतो ना, सवयच लागलीये! या वेळी सामना होता थाई विरुद्ध लाओ, म्हणजे थायलंडशेजारच्या लाओसचं जेवण. कॉलम तीन: चव, किंमत, वातावरण.

शुक्रवारी थाई झालं. पांढरे टेबलक्लॉथ, ऑर्किड, हळू आवाजात बोलणारे वेटर. ग्रीन करी झकास, पण बिल बघून मी आधी पाणी प्यायलो. वातावरणाला निखिलने नऊ दिले.

शनिवारी लाओ. जेमतेम सहा टेबलं, निम्म्या किमती आणि काउंटरवर साठीची मालकीणबाई. कच्च्या पपईचं सॅलड असं तिखट की माझ्या कानातून धूर! चिकट भात वेताच्या टोपलीत आला, चमचा नाहीच. बाई म्हणाल्या, "हाताने खा."

अरे, निखिलचा चेहरा काय फुलला! तीन वर्षं ऑफिसात सुरी-काट्याने ब्रेड खाणारा माणूस तो. त्याने बाह्या सरसावल्या, अख्खी टोपली ताटात उपडी केली, वर सॅलडचं सगळं पाणी ओतलं आणि वरणभातासारखं कालवायलाच घेतलं.

बाई धावत आल्या. फाटकन त्याच्या हातावर चापट! "असं नाही! छोटा गोळा कर, बुडव, खा." आणि चक्क पहिला घास स्वतः करून त्याच्या हातात ठेवला.

मी म्हटलं, "वातावरणाला शून्य ना?"

त्याने डाव्या हाताने मोबाइल काढून काहीतरी टाइप केलं. मी डोकावलो.

वातावरण: दहापैकी दहा. शेरा: आईसारखी मारते.