चित्रघराचं पदक

त्रीन: तू त्याला नेमकं काय सांगितलंस? शब्द न् शब्द सांग. तो मागे शेडमध्ये आहे तोवर.

वीके: म्हटलं, बाबा, शुक्रवारी सकाळी दहाला महापौरांनी बोलावलंय. चित्रघराबद्दल बोलायचंय म्हणाले.

त्रीन: चित्रघराबद्दल.

वीके: मग काय सांगणार होते, आई? पासपोर्टच्या अर्जावर सही हवी म्हटलं, तर म्हणाले कागद घरी आण. मामेबहिणीचं लग्न आहे नगरभवनात म्हटलं, तर कुठली मामेबहीण म्हणे. जानेवारीत चित्रघराला टाळं लागलं तेव्हापासून नगरभवनाची पायरी चढणार नाही म्हणून बसलेत. दुसऱ्या कशानेही आले नसते.

त्रीन: अगं, राजाचं पदक द्यायचं तर माणसाला थाप मारूनच न्यायचं, ही रीत मला ठाऊक आहे. माझ्या भावाला सांगितलं होतं, गाडीचा दंड झालाय. शिव्या घालत आत गेला आणि डोळे पुसत बाहेर आला. पण दंडाची थाप वेगळी. तू उपाशी माणसाला जेवायला चल म्हणालीस.

वीके: मी फक्त ‘बोलायचंय’ म्हटलं. बाकीचे इमले त्यांनी स्वतःच बांधले.

त्रीन: बांधणारच. चार महिने त्याला दुसरं काय सुचतंय? परवापासून शीळ घालतोय घरात. काल न सांगता केस कापून आला. मी म्हटलं, हाइको, कुणाचं लग्न आहे? तर म्हणे, माझंच समज.

वीके: मला वाटलं, आत गेल्यावर एवढी माणसं बघतील, पदक बघतील, आणि...

त्रीन: आणि विसरेल? कोण, हाइको?

वीके: मी पदकासाठी अर्ज केला तेव्हा चित्रघर चालू होतं. दीड वर्ष झालं त्याला. कागद फिरत राहिले आणि मधल्या मधे त्याच लोकांनी चित्रघर बंद करायचं ठरवलं. पदक मंजूर झाल्याचं कळलं आणि दाराला टाळं लागलं, दोन्ही एकाच आठवड्यात. तेव्हापासून मला ना हो म्हणता येतंय, ना नाही.

त्रीन: मग आत्ता सांग. गाडीत बसायच्या आधी.

वीके: तू सांग ना.

त्रीन: मी? सेहेचाळीस वर्षांत मी त्याच्याशी खोटं बोललेले नाही. विचारलं तर खरं सांगेन. पण आपण होऊन... नाही गं. तू त्याचा चेहरा बघितलास ना आज.

हाइको: काय झालंय माझ्या चेहऱ्याला? दाढी राहिली का कुठे?

वीके: नाही हो बाबा, छान दिसताय. हे काय आणलंत घोंगडीत गुंडाळून?

हाइको: हार्म बोल्टचं निळं चित्र. डिसेंबरात मीच चित्रघरातून घरी आणलं होतं, इतर लोक नेतात तसंच, रीतसर, तीन महिन्यांसाठी. परत द्यायच्या आधी त्यांनी कुलूप लावलं. एकेचाळीस वर्षं लोकांना मुदतीवरून ओरडलो आणि सगळ्यात जास्त उशीर माझाच. आज परत करून टाकतो. नव्याने सुरू करायचं तर पाटी कोरी बरी.

त्रीन: मफलर घे. वारा आहे.

(तिघं गाडीत बसतात. वीके गाडी चालवते, त्रीन मागे चित्राशेजारी.)

हाइको: तर मी असं ठरवलंय, अटी कागदावर लिहूनही आणल्यात. इमारत मी मागणारच नाही. घ्या म्हणणार, घाला ती दवाखान्यासाठी मागणाऱ्या त्या दातांच्या डॉक्टरच्या घशात. मला चित्रं दारोदार न्यायला फक्त गाडी द्या. पहिल्यासारखी, पाववाल्याची जुनी. पावाच्या ट्रे सरकवायच्या खोबणीत चित्रं काय बसायची माहितीये, जशी काही मापं घेऊनच काढलेली. लोक म्हणायचे, तुझ्या चित्रांना ताज्या पावाचा वास येतो.

वीके: बाबा, मला जरा...

हाइको: हार्म बोल्ट आठवतो? नसेल, तू लहान होतीस. दुसऱ्याच्या गोठ्यात राबणारा माणूस. हे निळं घेऊन गेला, का तर बायकोच्या पडद्यांना शोभतं म्हणून. तीन महिन्यांनी परत आला. म्हणे, ह्यात काहीच नाही, नुसतं निळं आहे, फसवलंत मला. मी म्हटलं, बरं, दुसरं ने, गायींचं ने. नेलं. आठ दिवसांनी दारात उभा. म्हणे, ते निळं परत द्या, बायको रिकाम्या भिंतीकडे बघत बसते.

त्रीन: शंभरदा ऐकलंय आम्ही.

हाइको: महापौरांनी नाही ऐकलेलं. आज ऐकतील. आणि तामेन्सबाईंचंही सांगणार आहे. चित्रघराला पहिली नव्वद चित्रं त्या बाईने दिली. नवऱ्याचा पुठ्ठ्याचा कारखाना, अर्ध्या गावाची फुप्फुसं त्या धुळीत गेली. तो गेल्यावर बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, माझ्या भिंतींनी पोटभर बघितली, आता दुसऱ्यांच्या भिंतींना बघू दे. एकच अट, कुठलंही चित्र एका घरात तीन महिन्यांवर राहता कामा नये. दारावर तुमच्या नावाची पाटी लावू का विचारलं, तर म्हणाल्या, तेवढ्या जागेत एक चित्र मावेल. पदकं द्यायची तर असल्या माणसांना द्यावीत. पण ती असतात तोवर कुणाला सुचत नाही.

त्रीन: वीके, गाडी बाजूला घे.

वीके: इथे कसं थांबणार, आई? कालव्याचा रस्ता आहे.

हाइको: काय गं? गाडी लागतेय का?

त्रीन: लागतंय खरं काहीतरी.

हाइको: खिडकी उघड. बरं, बुधवारी मी सगळ्यांना फोन केले.

वीके: कुणाला?

हाइको: चित्रं नेणाऱ्या आपल्या जुन्या लोकांना. लेना, ओस्टिंगबाई, हार्मचा मुलगा. अकरा जणांना. म्हटलं, महापौरांनी बोलावलंय, भिंतीवर खिळे ठोकून ठेवा.

वीके: काय म्हणाले ते?

हाइको: गंमतच आहे. लेना एरवी फोन हातात आला की तासभर सोडत नाही. ती म्हणाली, छान झालं हो हाइको, आणि ठेवून दिला. हार्मचा मुलगा अभिनंदन म्हणाला आणि खोकत बसला. ओस्टिंगबाईंना तर बोलवेचना. एक्याण्णव वर्षांची बाई, हुंदकाच आला तिला. आनंदाने माणसं अशी गप्प होतात, मला माहीत नव्हतं.

वीके: बाबा, ऐका माझं. आज चित्रघराचं काही ठरेलच असं धरून चालू नका.

हाइको: मी काय कुकुलं बाळ आहे? आज नाही ठरणार. समिती नेमतील, अहवाल मागवतील, उन्हाळा जाईल. जाऊ दे. पण बोलावलं ना? नको असतं तर बोलावलं असतं का? जानेवारीत मी त्यांच्या सभेत तीन मिनिटं बोललो, तर त्यातही घड्याळ बघत होते. तेच आज स्वतःहून बोलवतायत. कुठेतरी काहीतरी खुपलं असणार त्यांना. माणसंच आहेत ती.

त्रीन: डावीकडे घे. मागच्या बाजूला जागा असते.

हाइको: अरे, तो बघा रूल्फ. सूट घातलाय रूल्फने. हिवाळ्यात स्केटिंगच्या मैदानावर बर्फ धरायला पाणी सोडून सोडून त्या माणसाच्या गुडघ्यांचं वाटोळं झालं, पण टायमध्ये मी त्याला आज पहिल्यांदा बघतोय. दोन्ही मुलं दोन बाजूंनी धरून चाललीत. बिचारा. त्याला काय सांगितलं असेल, पाण्याच्या नळाची तक्रार आलीय?

वीके: असेल.

हाइको: आज तो दिवस नाही का? उद्या राजाचा वाढदिवस. म्हणजे आज सगळीकडे म्हाताऱ्यांना पदकासाठी फसवून आणतायत. बिचाऱ्याला वाटत असेल नळाचं बोलायला...

त्रीन: हाइको.

हाइको: ती लेनाची स्कूटर आहे. तिची ती अपंगांची स्कूटर, मागे परडी लावलेली. लेना मला म्हणाली, शुक्रवारी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय.

वीके: बाबा.

हाइको: तू नवा ड्रेस घातलायस. मी सकाळपासून बघतोय, म्हटलं छान आहे. त्रीन, तू मोत्यांची माळ घातलीयस.

त्रीन: हो.

हाइको: खरं सांग.

त्रीन: पदक आहे. तुझ्यासाठी. ‘लोकांच्या घरी कला नेल्याबद्दल.’

हाइको: आणि चित्रघर?

त्रीन: नाही.

हाइको: काहीच नाही? एखादी समितीसुद्धा?

वीके: काहीच नाही, बाबा. जूनमध्ये चित्रांचा लिलाव आहे, ठरल्याप्रमाणे. मी तुम्हाला दुसरं काही सांगून आणूच शकले नसते. मी खूप थापा मारून बघितल्या.

हाइको: ही चांगली लागू पडली.

वीके: माझं चुकलं. आत्ता घरी नेते तुम्हाला. मी आत जाऊन सांगते, बाबांना बरं नाही.

हाइको: कोण कोण आहे आत?

वीके: तुम्ही फोन केलेत ते अकराही जण. आणखी पुष्कळ. ओस्टिंगबाईंना वृद्धाश्रमातून टॅक्सीने आणलंय. साठेक जण असतील. अर्जासोबत पत्रं लागतात ना, त्रेसष्ट आली होती.

हाइको: त्रेसष्ट.

वीके: कचेरीतली बाई म्हणाली, पाच पुरतात.

हाइको: जानेवारीत, चित्रघर बंद करू नका म्हणायला, किती आले होते आठवतं? नऊ. त्यातली तिघं तर आपणच.

वीके: थंडी होती बाबा. रस्त्यावर बर्फ होता.

हाइको: थंडी होती खरी.

त्रीन: मी एक सांगू का? तुला घरी जायचं असेल तर मी येते. मी आत जाऊन कुणाला तोंड दाखवणार नाही की कारणं देणार नाही. ह्या चित्रघरापायी तू स्वतःचं लिनो कोरून चित्रं छापणं सोडलंस, ते मी बघितलंय. अवजारं गंजली, ती मीच तेल लावून ठेवलीत. ह्यांच्या टाळ्यांचं तुझ्यावर काहीही ऋण नाही.

हाइको: ओस्टिंगबाईंनी काय लिहिलं होतं?

वीके: लहानसंच आहे. प्रत आहे माझ्याकडे. वाचू?

हाइको: वाच.

वीके: ‘आमच्या स्वयंपाकघरात दर तीन महिन्यांनी नवा पाहुणा यायचा. त्याला जेवायला लागत नसे. काही पाहुणे मला मुळीच आवडले नाहीत, तरी ते गेल्यावर चुकल्यासारखं वाटायचं. माझे यजमान शेवटच्या आजारात एका चित्रातली होडी मोजायचे. एकच होडी होती, पण ते रोज मोजायचे. मुदत संपली तेव्हा हाइको आला आणि चित्र न घेता गेला.’

हाइको: तामेन्सबाईंची अट मोडली होती मी तेव्हा. नोंदवहीत काहीतरी खोटंच लिहिलं. पाच महिने राहिलं ते.

वीके: ती होडी लिलावात एकशे बारा नंबरला आहे.

हाइको: महापौर काय बोलणार आहेत?

वीके: भाषण मला आधी पाठवलं होतं, तारखा तपासायला. हार्मच्या निळ्याचीही गोष्ट आहे त्यात. अर्जासोबतच्या पत्रातून घेतलीय.

हाइको: म्हणजे ऐकली होती त्यांनी. मला वाटत होतं, ऐकली की बंद करणार नाहीत.

वीके: बाबा, रडू नका ना.

हाइको: मी कुठे रडतोय? तूच रडतेयस. नाक पूस, फोटो काढतील. किती वाजले?

त्रीन: दहाला चार कमी.

हाइको: हार्मचा मुलगा रजा टाकून आला असणार. त्याला पगारी रजा मिळत नाही. आणि ती म्हातारी टॅक्सीतून आलीय. परत कसं पाठवायचं तिला? मी घरी जाऊन करणार काय? त्या भिंतीकडे बघत बसणार.

वीके: मग जायचं?

हाइको: जायचं. दुसरं काय हातात आहे.

वीके: आणि निळं चित्र? आत घेऊ?

हाइको: कशाला? परत घ्यायला आत कोण बसलंय? राहू दे मागे. घोंगडी नीट घाल त्यावर, ऊन लागतंय.

त्रीन: तुझ्या खिशात तो अटींचा कागद आहे. खिसा फुगलाय.

हाइको: धर. फाडू नकोस. बरं वीके, मला काही माहीत नाही असंच दाखवायचं असतं ना?

वीके: हो बाबा. दार उघडलं की सगळे उभे असतील. तुम्ही चकित व्हायचं.

हाइको: असं तोंड करू?

वीके: असंच. चालेल.

त्रीन: जरा कमी कर. इतका खूश तुला कधी कुणी बघितलेलं नाही.

हाइको: तू बघितलंस की. आज सकाळी.