ओंबीमागे दोन

(काकूंचं गव्हाचं शेत, सकाळ. बाबा शेतकऱ्यांच्या पिकांवरची कीड मोजून फवारायचं की नाही ते सांगतात. आज मुलगी सोबत आली आहे.)

मुलगी: अठरा.

बाबा: नीट बघ. कुसळांची सावली पडते, तीही किडीसारखी दिसते.

मुलगी: सावलीला पाय नसतात, बाबा. एका ओंबीवर अठरा मावा. मागच्या ओंबीवर बावीस होता. आणि तुमच्या वहीत कालच्या तारखेला लिहिलंय, ‘ओंबीमागे दोन, फवारणी नको.’

बाबा: बांधाजवळ जास्तच असतो मावा. जरा आत जा.

मुलगी: आपण चाळीस पावलं आत आलोय. बांध मागे राहिला... तुम्हाला बांध दिसत नाहीये?

बाबा: दिसतो. म्हणजे हिरवं संपून तिथं काहीतरी आहे, एवढं दिसतं.

मुलगी: कधीपासून हे?

बाबा: पेरणीच्या सुमारास लक्षात आलं. सदऱ्याचं बटण लावायला बसलो, सुईत दोरा जाईना. म्हटलं, दोराच जाड आहे. मग डॉक्टरकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, लगेच काढून घ्या म्हणाले. मी म्हटलं, कापणी होऊ द्या.

मुलगी: आईला काय सांगितलंत?

बाबा: चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून.

मुलगी: मग हे ‘दोन’ आलं कुठून?

बाबा: ओंबी हातात घेतली, चोळली. बोटांना फारसं चिकट लागलं नाही. भिंगातून बघितलं तर नुसतं धुकं. एरवी या दिवसांत इतकाच असतो, म्हणून दोन लिहिलं.

मुलगी: म्हणजे मोजलंच नाहीत.

बाबा: नाही.

मुलगी: पाचाच्या वर गेला की फवारा, हे सगळ्यांना तुम्हीच शिकवलंत ना? दाणा अजून चिकात आहे, दुधासारखा कोवळा. माव्याने रस ओढला तर दाणा भरेल कसा? आणि काकूंनी काल तुमच्या शब्दावर फवारणीवाल्याला दारातून परत पाठवलंय.

बाबा: माहीत आहे मला. सारखं बोलून दाखवू नकोस.

मुलगी: काकू येताहेत तिकडून. ऐका, मी बोलते. काल ढग होते, मावा एकदम वाढला असं सांगू. कुणाला खोटं वाटणार नाही.

बाबा: वाढतो खरा तसा.

मुलगी: मग झालं तर. तुम्ही फक्त मान हलवा.

काकू: काय भाऊ, आज परत? आणि लेकीलाही कामाला लावलंत? बरं झालं आलात. शेजारच्यांनी काल फवारून घेतलं. तेव्हापासून आमचे हे मला तीनदा म्हणाले, आपणच मागे राहतोय. मी म्हटलं, भाऊ नको म्हणालेत ना, मग नको.

मुलगी: काकू, त्याचं काय झालं, काल जरा ढगाळ होतं ना, तर—

बाबा: थांब गं. वहिनी, कालचा आकडा खरा नाही. मला मावा दिसतच नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी अंदाजाने लिहिलं.

काकू: अंदाजाने?

बाबा: हो.

काकू: भाऊ, आमच्या घरची सहा माणसं या एका शेतावर वर्ष काढतात. तुम्हाला काय ते ठाऊक नव्हतं?

बाबा: ठाऊक होतं.

काकू: आता किती आहे?

मुलगी: ओंबीमागे वीसच्या आसपास.

काकू: मग मी फोन लावते त्याला. सगळं शेत मारून घेते.

बाबा: लावा. तो येईपर्यंत मला एक विचारू द्या. माझ्यावर नका विसंबू, हिच्या डोळ्यांवर विसंबा. बाळ, ते वीसच्या वीस हिरवे आहेत का?

मुलगी: नाही. बरेच तपकिरी आहेत. फुगलेले, मण्यांसारखे.

बाबा: काडीने ढकल. हलतात?

मुलगी: नाही, चिकटून बसलेत. एकाच्या पाठीला गोल भोक आहे, टाचणीने पाडावं तसं.

बाबा: ते मेलेले. एक बारीकशी माशी माव्याच्या पोटात अंडं घालते. अळी आतून खाते आणि मोठी झाली की भोक पाडून उडून जाते. ते धरायचे नाहीत. नुसते हिरवे मोज.

मुलगी: हिरवे... तीन. या ओंबीवर पाच.

काकू: सरक, मलाही बघू दे. ओंबी कशी धरायची?

बाबा: देठाला धरा, वहिनी. हिसका बसला तर मावा गळून पडतो. पंचवीस ओंब्या तुम्ही मोजा, पंचवीस ही मोजेल. बांधाकडच्या वेगळ्या धरा.

मुलगी: आत ओंबीमागे चार येतो.

काकू: मलाही आत चारच येतोय. पण बांधालगत बारा-तेरा आहे, आणि तिथं तपकिरी जवळजवळ नाहीत.

बाबा: मग माझं म्हणणं, बांधालगतची पट्टी तेवढी फवारा. सगळं मारलंत तर त्या माश्याही मरतील आणि आतला मावा मोकळा सुटेल. पण ठरवायचं तुम्ही. माझा शब्द तुम्ही कालच घेऊन बघितलात.

काकू: ...पट्टीच फवारते. घरात बोलणी खाईन, खाईन. पण परवा पुन्हा मोजणी हवी. आणि ती हिने करायची, भाऊ. तुम्ही नाही.

बाबा: बरोबर आहे.

काकू: राग नका मानू.

बाबा: रागावायला तोंड कुठं आहे मला?

मुलगी: बाबा, चला आता. घरी जाऊन आधी आईला सांगू, मग दवाखान्यात नंबर लावू.

बाबा: थांब. या आठवड्यात आणखी चार शेतांत नको म्हणून सांगितलंय मी. फोन काढ. वहीतले नंबर तूच वाच, तूच लाव.

मुलगी: आत्ता? इथूनच? काकू ऐकताहेत.

बाबा: ऐकू देत. लाव.

मुलगी: घ्या. वाजतोय.

बाबा: हॅलो, मी पाहणीवाला बोलतोय. सोमवारचा माझा आकडा धरू नका... नाही, कीड वाढली म्हणून नाही. मी मोजलंच नव्हतं... हो, ऐकतोय मी. बोला... तुमचं खरं आहे. शेतातच थांबा, आम्ही दोघं येतोय.