दामूशेठच्या गेटसमोरचा गुलमोहर

धारेच्या बाबतीत माझ्याशी वाद घालायचा नाही, सांगून ठेवतो. परवा आमचे दामूशेठ चेनसॉची चेन घेऊन जुईनगरच्या माझ्या धार लावायच्या दुकानात तणतणत आले.

"तुज्या धारंत दम नाय! सगल्यांना सांगतो, हितं कोनी येऊ नका."

मी चेन बघितली. दातांचे टवके उडाले होते.

"शेठ, लाकडानं असं होत नाही. झाड दाखवा."

त्यांच्या गेटसमोर वादळात पडलेला गुलमोहर होता. साल खरवडली, तर आत खिळेच खिळे.

"कोन हरामखोर झाडाला खिले ठोकतो रं?" शेठ गरजले.

मी त्यांना खोडाच्या पलीकडे नेलं. तिथे खिळ्यांना वाढदिवसाचा फाटका बॅनर अजून लटकत होता. त्यावर गॉगल लावून, हात जोडून, दामूशेठच हसत होते.