कोळशाच्या डबीतले तांदूळ

टॅरँटुला पाळायला धाडस लागतं, असं म्हणणाऱ्यांनी तो पाळलेला नसतो. हा केसाळ कोळी कुणाच्या वाटेला जात नाही. खरी डोकेदुखी असते ओल्या मातीची. आमच्या सिल्वासाच्या दमट हवेत त्याच्या काचपेटीत बुरशी आली आणि बुरशीमागून ती खाणारे माइट नावाचे बारीक किडे आले. औषध मारलं तर कोळीच मरायचा. मग जवळच मसाटला कारखान्यात असलेल्या, स्वतःही कोळी पाळणाऱ्या मित्राकडून स्प्रिंगटेलची डबी आणली. हे तिळाहून बारीक पांढरे किडे बुरशी फस्त करतात, मग माइटना खायला काही उरत नाही. डबीत ओला कोळसा असतो आणि किड्यांच्या खाण्यासाठी चार दाणे तांदूळ.

त्याच आठवड्यात धुळ्याहून सासूबाई आल्या. मी म्हटलं, "आई, कोळ्याला घाबरू नका, पेटी बंद असते."

त्या मुळीच घाबरल्या नाहीत. मी कामावरून आलो तर डबी गॅलरीत पेपरवर पालथी केलेली, दिवसभराच्या उन्हात वाळलेली.

"तांदळाला कीड लागली होती, जावईबापू. ऊन दाखवलं."

"आई, ते किडे मी मुद्दाम आणले होते. कोळ्याचं घर साफ ठेवायला."

त्यांनी पेटीकडे पाहिलं. मग नुकतीच शाळेत शिकवून आलेली माझी बायको भांडी घासत होती, तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे कोळ्याला कामवाली आहे," त्या शांतपणे म्हणाल्या.

स्प्रिंगटेलची नवी डबी मी रविवारी आणली. कामवाली मात्र सासूबाई बोलल्या त्याच संध्याकाळी ठरली होती.