सोयरिकीआधीची चौकशी

कुमासी शहरातल्या मनोरुग्ण दवाखान्यात बाडू मास्तर नंबर येण्याची वाट पाहत बसले होते. घरी त्यांनी गवंड्याकडे जातो म्हणून सांगितलं होतं. शेजारी सेरवाबाई तोंडावर फडकं ओढून बसल्या होत्या. तेवढ्यात दुफीबाई आत आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगंबाई, विहीणबाई! तुम्ही इथं?"

"अजून झाले नाही विहीण. शनिवारी तुमचा मुलगा रिवाजाप्रमाणे दारूच्या बाटल्या घेऊन आमच्या मुलीला मागणी घालायला येणार ना? म्हटलं, तुमच्या घराण्यात कुणी वेडं नाही ना, ते आधीच विचारून ठेवावं."

"काय योगायोग! मीही तुमच्याच घराण्याची चौकशी करायला आले."

"वेड निघालं तर सोयरीक मोडते. मग पोरं कितीही रडोत."

"रडू देत की. आमच्यात वेड सोडाच, साधी डोकेदुखीही नाही."

"मग झाली चौकशी. निघा आता."

"आधी तुम्ही."

"माझे पाय दुखताहेत."

"माझेही."

खिडकीतून नर्स ओरडली, "सेरवामावशी, नेहमीच्या गोळ्या ना? आणि दुफीमावशी, मागच्या महिन्यात सुई चुकवलीत हं!"

बाडू मास्तर छताकडे बघू लागले.

"गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं का हो?" दुफीबाईंनी हळूच विचारलं.

"फार. सुई बरी का?"

"बरी. पण भूक आवरत नाही."

"घरी काय सांगणार?"

"खरं तेच. स्वतः दवाखान्यात जाऊन खात्री केली, घराणं अगदी आपल्या तोडीचं आहे."