त्याला सोबत हवी

शोभेच्या माशांच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं. काउंटरवरची बाई त्यांनाच विचारत होती.

"काका, गेल्या आठवड्यातले सगळे मेले?"

"एकच उरलाय. त्याला सोबत हवी."

"टाकी नवीच आहे ना?"

"नवी कोरी. रोज घासूनपुसून लख्ख करतो."

"रोज? अहो, माशांची घाण पचवणारे जंतू टाकीत रुजायला कित्येक आठवडे लागतात. तुम्ही रोज त्यांनाच धुऊन काढताय."

"मग काय करू? पाणी सारखं गढूळ होतं."

"खाणं किती घालता?"

"चिमूटभर. सकाळी."

"सकाळी? अहो, दुपारी मी घालते की!"

"तू कशाला घालतेस?"

"मला वाटलं, तुमच्या कुठलं लक्षात राहायला."

"मी तर रात्रीही घालतो. तू झोपलीस की."

"अगं बाई! तुम्ही फिरायला गेलात की संध्याकाळी मीही घालते."

"काकू, उरलेलं खाणं कुजून पाण्याचं विष होतं. आज मी मासे देणार नाही. टाकी घासू नका, थोडंथोडंच पाणी बदला, महिन्याभराने या. आणि खाणं दिवसातून एकदाच, एकानेच."

"तू घाल."

"तुम्हीच घाला. तुमची हौस."

"माझी कसली? तुला करमावं म्हणून आणले होते."

"हे मला आज कळतंय."

"बरं, तूच घाल. पण तू घातलंस की नाही, हे मला कसं कळणार?"

"विचारून बघा की कधीतरी."